मैनेची खुशाली

हिरामण गांगुर्डे रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचा आणि द्वारकेचा सिग्नल येईपर्यंत एक काम उरकून टाकायचा. मेलेल्या कोंबडीची खुशाली कळवायचं.

त्या दिवशी त्याने लिहिलं, 'मैना मजेत. सकाळी ज्वारी खाल्ली. जरा सुस्त वाटते, पण हवाच तशी आहे.' पाठवण्याआधी त्याने ते पुन्हा वाचलं आणि सुस्तीचं वाक्य खोडून टाकलं. सुस्ती म्हटलं की लोक औषध सुचवतात, औषध सुचवलं की दुसऱ्या दिवशी गुण आला का विचारतात, आणि मेलेल्या कोंबडीला गुण येत नाही.

मेसेज गेला आणि लगेच खाली अंगठा उमटला. महेश सोनवणेचा. महेश कशालाही अंगठा द्यायचा. सिंधुबाईंची पिलं मांजराने नेली तेव्हा त्याने अंगठा दिला होता आणि मांजर सापडलं तेव्हाही. तो मेसेज वाचत नसावा असा सगळ्यांचा अंदाज होता, पण असलं काही विचारायचं कसं, म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

ग्रुपचं नाव 'अंगणातल्या कोंबड्या, नाशिक'. बंगल्याच्या मागे, रो-हाऊसच्या बोळात, मळ्यातल्या घरासमोर ज्यांनी ज्यांनी चार कोंबड्या पाळल्या होत्या ते सगळे त्यात होते. कुणाची कोंबडी अंड्यावर बसली, कुणाच्या अंड्यात दोन बलक निघाले, कुणाच्या कोंबड्याने सोसायटीच्या चेअरमनला पळवत गेटपर्यंत नेलं, असल्या बातम्या तिथे यायच्या. माणसांच्या बातम्याही यायच्या, पण कोंबड्यांच्या आडून. सिंधुबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे लोकांना कळलं ते त्यांनी 'आता खुराड्यात वाकून अंडी काढता येत नाहीत' असं लिहिलं तेव्हा.

या ग्रुपचा ॲडमिन हिरामण होता. ओझरच्या विमान कारखान्यात तो तपासणी विभागात होता. त्याने पाहून शिक्का मारल्याशिवाय एखादा स्क्रूसुद्धा पुढच्या टेबलावर जात नसे. हीच शिस्त त्याने ग्रुपलाही लावली होती. सगळ्यात वर त्याने नियम चिकटवला होता: 'कोंबड्या आपल्या घरातल्या सदस्य आहेत. कापण्याच्या, शिजवण्याच्या पोस्ट टाकू नयेत. टाकणाऱ्यास काढून टाकण्यात येईल.'

या नियमाखाली आजवर एकच माणूस गेला होता. निफाडकडचे कारभारी मोगल. त्यांनी एका रविवारी तांबड्या रश्श्याच्या पातेल्याचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमचा शेरू. फार गुणी होता.' हिरामणने त्यांना त्याच मिनिटाला बाहेर काढलं, वर 'असंवेदनशीलता खपवून घेतली जाणार नाही' अशी ओळ लिहिली. तिला भरपूर अंगठे पडले. कोंबडी खाऊ नये असं मात्र त्याच्या नियमात कुठेही नव्हतं. हिरामण स्वतः आवडीने खायचा. फक्त पोस्ट करत नसे.

तर मैना. ती हिरामणची नव्हतीच.

दिंडोरीकडे एक पद्धत आहे. आपल्या घरी अंडी आहेत, पण एकही कोंबडी खुडूक बसत नाही, म्हणजे अंड्यांवरून उठायचंच नाही असा हट्ट धरत नाही, तर ओळखीपाळखीत ज्याची खुडूक बसली असेल त्याची मागून आणायची. ती दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याची अंडी उबवते. पैशाची बात काढायची नाही. पिलं निघून जरा मोठी झाली की कोंबडी परत, आणि पिलं निम्मी निम्मी. सून बाळंतपणाला पाठवावी तशी कोंबडी पाठवतात, आणि तितकीच चौकशी करतात.

सगुणाबाई जाधव दिंडोरीच्या अलीकडे द्राक्षाच्या मळ्यात राहायच्या. लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्या आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. प्रत्येक वेळी सुरुवात एकच: 'सगुनाबाई बोलते.' जणू ग्रुपवर आणखी कोणी त्यांच्या आवाजात बोलणार होतं. मुलगा अमोल फवारणी, छाटणी, मजूर यांत, सून योगिनी गावातल्या पतसंस्थेत. 'घरात समदे माझ्याशी चांगले हायेत,' त्यांनी एकदा सांगितलं होतं, 'पन बोलती ती मैनाच.'

हिरामण मैनेला आणायला गेला तेव्हा सगुणाबाईंनी तिला आधी हाक मारून दाखवली. "मैनाऽ, ये ये ये." तांबडी, मानेभोवती काळी झाक असलेली ती कोंबडी ट्रॅक्टरच्या मागून तरातरा आली आणि त्यांच्या पावलावर चढून बसली. पावलावर, म्हणजे खरोखर चपलेवर.

"कोंबडीचं नाव मैना?" हिरामणने विचारलं.

"तिला काय कळतंय त्यातलं. तिला माझा आवाज कळतो." त्यांनी तिला पाटीत ठेवून वरून जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. "भाऊ, रोज नावानं हाक मारत जा. नायतर बुजती. आन् रोज खुशाली सांगत जा मला. येवढंच."

एवढंच त्याने अजून चालू ठेवलं होतं.

मैना हिरामणच्या घरी, पाथर्डी फाट्याच्या रो-हाऊसमागे, अंड्यांवर चोख बसली. तो रोज फोटो टाकायचा, सगुणाबाई रोज खूश व्हायच्या. आणि मग आखाड संपत आला आणि गटारीच्या रविवारी जावई येणार असं ठरलं.

जावई म्हणजे रोहित. तेजस्विनीचं लग्न होऊन त्यांचा हा पहिलाच आखाड. श्रावण लागायच्या आत जावयाला घरचा गावरान कोंबडा खाऊ घालायचा हे हिरामणच्या बायकोने, शुभांगीने, लग्नाच्या हॉलमध्येच ठरवून टाकलं होतं. कोंबडाही ठरला होता. त्याचं नाव हवालदार, कारण तो कुणालाच झोपू देत नसे.

कापायला चौकातल्या चिकन सेंटरचा सनी घरी यायचा होता. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. हिरामणला कापताना बघवत नसे. त्यामुळे सनी आला की तो वरच्या खोलीत जायचा, टीव्हीवर कीर्तन लावायचा, आवाज वाढवायचा आणि खालून फोडणीचा वास आला की उतरायचा.

त्या दिवशी त्याने एक काळजी मात्र घेतली. घरात गडबड होणार, हवालदार पळणार, त्याच्या मागे सनी पळणार, त्यात मैना बिथरून अंड्यांवरून उठली तर? म्हणून त्याने सकाळीच तिच्यावर आणि अंड्यांवर बांबूचं डालगं पालथं घातलं, वर वीट ठेवली आणि तिला नावाने हाक मारून 'बस निवांत' म्हणाला.

सनीने खालून फोन केला. "काका, कोणता?"

"लाल."

"इथं सगळेच लाल आहेत."

"मोठा रे. तुला कळत नाही का? मला विचारत बसू नको," हिरामण म्हणाला आणि कीर्तनाचा आवाज आणखी वाढवला.

जेवण झकास झालं. शुभांगीने भाकऱ्या थापल्या, रश्श्याला काळा मसाला घरचा. रोहित इंजिनिअर होता आणि कमी बोलायचा, पण दुसऱ्या वाटीनंतर तोही म्हणाला, "पप्पा, विकतच्याला ही चव नाही."

"कशी असेल?" हिरामण म्हणाला. "आपल्या हाताने दाणा घातलेला जीव. प्रेमाने वाढवलेलं वेगळंच लागतं." आणि त्याने एक तंगडी जावयाच्या ताटात वाढली.

तेवढ्यात मागच्या अंगणात हवालदार आरवला.

कोणाचंच लक्ष गेलं नाही. कोंबड्या पाळलेल्या घरात कोंबडा आरवला तर त्यात बघण्यासारखं काय? हिरामणचा हात मात्र वाढता वाढता तिथेच थांबला. हवालदार पुन्हा आरवला, या वेळी अगदी छाती फुगवून. हिरामणने ताटाकडे पाहिलं. जावयाने हिरामणकडे पाहिलं.

"पप्पा, घ्या ना तुम्ही," रोहित म्हणाला. "तुम्ही काहीच घेतलं नाही."

आणि हिरामणने घेतलं. नंतर कधीही त्याला आपल्याबद्दल जरा बरं वाटायला लागलं की त्याला नेमकं हेच आठवायचं. कोंबडी कापली गेली ते त्याच्या नकळत. पण ही वाटी त्याने कळून घेतली होती, जावयाला विचित्र वाटू नये म्हणून, आणि संपवली होती.

मागे जाऊन पाहिलं तर डालगं बाजूला नीट उपडं ठेवलेलं आणि त्यावर परत वीट. अंडी स्टीलच्या पातेल्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत. सनी पोरगा व्यवस्थित होता.

हिरामणने बोळात जाऊन त्याला फोन लावला.

"काका, डालग्याखाली झाकून ठेवलेला असतो तोच कापायचा असतो ना," सनी म्हणाला. "सगळीकडे तसंच असतं. मला वाटलं, तुम्ही काढून ठेवला माझ्यासाठी. अंडी दिसली तेव्हा मी हाक मारली तुम्हाला. वर कीर्तन चालू होतं."

यात खोट काढायला कुठे जागाच नव्हती. हिरामण आयुष्यभर इतरांच्या कामातल्या चुका शोधत आला होता. ही चूक त्याने सगळ्या बाजूंनी तपासली आणि प्रत्येक बाजूला त्याचाच शिक्का निघाला.

पाहुणे गेल्यावर त्याने शुभांगीला सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"तुम्ही खाली का नाही उभे राहिलात?"

"मला बघवत नाही, तुला माहितीये."

"बघवत नाही," शुभांगी म्हणाली. "खाववतं." मग नळ सोडता सोडता म्हणाली, "रोहितरावांना सांगू नका. आणि त्या बाईंना आजच सांगा."

त्याचा विचारही तोच होता. त्याने फोन हातात घेतला तर सगुणाबाईंचा आवाज आधीच येऊन पडला होता. 'सगुनाबाई बोलते. आज गटारी, समद्यांकडं जेवनं आसतील. भाऊ, माझी मैना घाबरली तर नाय ना गडबडीत? तिला गडबड चालत नाय.'

हिरामणने लिहायला घेतलं, 'सगुणाबाई, एक वाईट बातमी'. ते खोडलं. 'सगुणाबाई, आज जरा गैरसमजातून' लिहिलं. तेही खोडलं. ग्रुपवर वर दिसत असेल, 'हिरामण टाइप करत आहे', आणि त्या वाट बघत असतील. तेवढ्यात वर चिकटवलेला त्याचाच नियम त्याला दिसला. मग त्याने आजपुरतं म्हणून लिहिलं, 'मैना मजेत.'

महेशचा अंगठा आला.

एकदा मजेत असलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी एकदम मेली असं सांगता येत नाही. निदान आदल्या दिवशी ती आजारी पडायला हवी, आणि आजारी पडली असती तर सगुणाबाई पहिल्या बसने आल्या असत्या. म्हणून मैना मजेतच राहिली. श्रावण लागला. हिरामणने थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ती अंडी ठेवली, कपाळाला आठ्या घालून थर्मामीटर बघत बसला, आणि त्यातल्या काही अंड्यांतून खरोखरच पिलं बाहेर आली. त्याने फोटो टाकला. 'मैना आई झाली' असं सिंधुबाईंनीच लिहिलं. त्याने फक्त खंडन केलं नाही. फुलं आली, फुगे आले. सगुणाबाई म्हणाल्या, 'माझी गुनाची बाई.'

सिंधुबाईंनी विचारलं, 'पिलांसोबत आईचा व्हिडिओ टाका की.'

'जवळ येऊ देत नाही,' हिरामणने लिहिलं. 'फार चोच मारते.'

'मैना? चोच?' सगुणाबाईंच्या आवाजात नवल होतं. मग त्याच म्हणाल्या, 'आई झाली ना. मंग बरोबर हाय.'

शुभांगीने आता त्याला बोलणं सोडलं होतं. सकाळी तो डबा घेऊन निघाला की ती एवढंच विचारायची, "आज काय खाल्लं तिने?" आणि तो बूट घालत राहायचा.

पिलं मोठी झाली आणि कोंबडी परत करायची वेळ आली. बुधवारी हिरामणने अर्धा दिवस रजा टाकली आणि तो गोदाकाठच्या बाजारात गेला. श्रावणात कोंबड्यांना गिऱ्हाईक नव्हतं. टोपल्या भरलेल्या होत्या, विकणारे डुलक्या काढत होते. हिरामण एका हातात मोबाइलवरचा मैनेचा फोटो धरून एकेका कोंबडीची मान उचलून बघत फिरला.

"काका, स्थळ बघताय का?" एका विकणाऱ्याने विचारलं.

शेवटी एक सापडली. तांबडी, मानेला काळी झाक, अंगानेही तेवढीच. त्याने तिला तपासलं, पंख उघडून पाहिले, पायाच्या नख्या पाहिल्या. त्याच्या टेबलावर आली असती तर पास झाली असती.

सगुणाबाई दारातच उभ्या होत्या. पाटीवर लुगड्याचा तोच तुकडा बांधलेला होता, तो त्याने आठवणीने आणला होता. त्यांनी गाठ सोडली, कोंबडी बाहेर काढली, जमिनीवर ठेवली, चार पावलं मागे गेल्या आणि हाक मारली.

"मैनाऽ, ये ये ये."

कोंबडीने मान वाकडी करून पाहिलं आणि ती ट्रॅक्टरखाली निघून गेली.

सगुणाबाई हसल्या. "बघा. रुसली." त्यांनी परत हाक मारली. मग मूठभर बाजरी आणून टाकली. मग पाय पुढे करून नुसत्याच उभ्या राहिल्या. कोंबडी मागच्या चाकाला टेकून बसली होती. त्या तशाच बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग पाय मागे घेतला.

"इसारली मला," त्या म्हणाल्या.

"नवी जागा वाटत असेल," हिरामण म्हणाला.

"जन्म इथं झाला तिचा, भाऊ. नवी कशी?" मग त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "तुमच्याकडं लय लाड झाले आसतील. चांगलंच हाय ते. म्याच दिली ना. तिनं काय समजायचं, बाईनं मला देऊन टाकलं." त्यांनी त्याला चहा दिला आणि निघताना भेंडी दिली. त्याने खोक्यातून आणलेली पिलं त्यांनी मोजली नाहीत, हाताला लागली तेवढी ठेवून घेतली. हिरामणने चहा घेतला, भेंडीही घेतली.

त्यानंतर रोज बसमध्ये त्याला काही लिहायचं नसे. आता खुशाली तिकडून येत होती.

'सगुनाबाई बोलते. आज पन नाय आली हाकेला.' 'सगुनाबाई बोलते. हातातला दाना घेत नाय.' ग्रुप कामाला लागला. कोणी गूळ सांगितला, कोणी भिजवलेले हरभरे, सिंधुबाईंनी दृष्ट काढायला सांगितलं. प्रत्येक उपायाला महेशचा अंगठा होता. ॲडमिन म्हणून हिरामणनेही लिहिलं, 'धीर धरा, होईल सवय.' ते लिहिताना बस आडगावपाशी होती, आणि शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "गांगुर्डे, घाम का आलाय?"

मग एका शनिवारी आवाज आला तो नेहमीसारखा नव्हता. 'सगुनाबाई बोलते. आज मी रागावले तिच्यावर. म्हनलं, येवढं केलं तुझं, आन् तू वळखसुद्दा देत नाय. दाना टाकला नाय म्या दिवसभर. उपाशी ठेवली. आता झोप येत नाय मला.'

रविवारी सकाळी हिरामणने मोटरसायकल काढली. शुभांगीने कुठे म्हणून विचारलं नाही, फक्त हेल्मेट आणून दिलं.

सगुणाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. हिरामण पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं. जावई येणार होता ते, डालगं घातलं ते, सनीची पद्धत, कीर्तन, हवालदार. बल्ब सांगितला, बुधवारचा बाजार सांगितला. चांगला तपशीलवार सांगितला, एखादा अहवाल द्यावा तसा. वाटीबद्दलही सांगितलं.

सगुणाबाईंची बोटं तांदळात तशीच राहिली होती.

"कवा झालं म्हनता?"

"गटारीला."

"म्हंजी मी विचारलं, गडबडीत घाबरली तर नाय ना... तवा?"

"तेव्हा झालं होतं."

त्यांनी तांदळातून बोटं काढली. सूप बाजूला ठेवलं. अंगणात ट्रॅक्टरखाली ती तांबडी कोंबडी बसली होती, त्यांच्याकडे पाठ करून.

"मंग ही कोन हाय?"

"बाजारातली. विकत घेतलेली."

"हिचं नाव काय व्हतं?"

"ते मला माहीत नाही."

सगुणाबाई उठल्या. आत जाऊन मूठभर बाजरी घेऊन आल्या, गुडघ्याला हात देत ट्रॅक्टरपाशी उकिडव्या बसल्या आणि दाणे चाकाजवळ टाकून हात मागे घेतला.

"चुकलं गं बाई माझं," त्या कोंबडीला म्हणाल्या. "मी तुला दुसरीच समजत व्हते. दुसरीच्या नावानं हाका मारल्या, दुसरीचा राग तुझ्यावर काढला. उपाशी ठेवली मी तुला. तुझी काय चूक? तुझं घर कुनीकडं राहिलं आन् तू कुठं आलीस."

हिरामणच्या लक्षात आलं की आपण मघापासून बरंच बोललो, पण त्यात 'चुकलं' हा शब्द कुठेच आला नाही.

"चुकलं माझं, सगुणाबाई," तो म्हणाला. आता म्हटल्यावर ते दुसऱ्याचं ऐकून म्हटल्यासारखं वाटलं, आणि होतंही तसंच.

"मला कशाला सांगता?" त्या मागे न वळता म्हणाल्या. "ग्रुपवर सांगा. रोज तिथंच सांगत व्हता ना."

या वेळी चहा झाला नाही.

दिंडोरी नाक्यावर त्याने गाडी लावली, टपरीवरच्या बाकावर बसला आणि लिहायला घेतलं. 'सर्व सदस्यांना कळविण्यास अत्यंत खेद होतो की अनवधानाने एक दुर्दैवी घटना...' त्याने ते वाचलं. कारखान्यात असला कागद टेबलावर आला की तो न वाचता परत पाठवायचा. 'मैना गटारीच्या दिवशी चुकून कापली गेली.' हे जरा बरं होतं, पण यात कापणारा कोणी नव्हता, आणि खाणाराही. बऱ्याच वेळाने उरलं ते असं:

'मी हिरामण. सगुणाबाईंची मैना मी गटारीला कापायला लावली. न बघता. आम्ही ती खाल्ली. कळल्यावरही मी खाल्ली. तेव्हापासून मी रोज खोटं लिहिलं. परत केली ती बाजारातली कोंबडी आहे. तिला औषध सुचवू नका, ती बरी आहे.'

त्याने पाठवलं. लगेच खाली महेशचा अंगठा आला.

मग तो अंगठा नाहीसा झाला. महेशने वाचलं होतं.

त्यानंतर काहीच आलं नाही. एकेक नाव वाचून गेल्याची खूण दिसत होती, सिंधुबाई, मग बाकीचे, आणि कोणी अक्षर लिहीत नव्हतं. इतके लोक एकदम गप्प बसलेले हिरामणने या ग्रुपवर कधी पाहिले नव्हते. वर त्याचा नियम होता. काढून टाकण्यात येईल. त्याचं बोट 'ग्रुप सोडा'वर जाऊन थांबलं. ते दाबलं असतं तर ही शांतता त्याला ऐकू आली नसती. पुन्हा एकदा वरच्या खोलीत जाऊन कीर्तन लावल्यासारखंच झालं असतं ते. त्याने बोट काढलं, फोनमधला एक जुना नंबर शोधला आणि कारभारी मोगलांना परत ग्रुपवर घेतलं.

कारभाऱ्यांनी सगळं वर जाऊन निवांत वाचलं असणार, कारण वेळ लागला. मग त्यांचा पहिला मेसेज आला.

'रस्सा कसा झाला होता?'

सगळे बघत होते. हिरामणने चहाचा ग्लास खाली ठेवला. यावर शोभेल असं बरंच काही लिहिता आलं असतं. तोंडात घास फिरला, पुढे जाईना, वगैरे. तसं झालं नव्हतं.

'चांगला झाला होता,' त्याने लिहिलं.

सोमवारी बस द्वारकेच्या सिग्नलला थांबली तेव्हा फोनवर ग्रुपचा मेसेज वाजला. त्याने तो कानाला लावला.

'सगुनाबाई बोलते. नव्या कोंबडीनं आज दाना खाल्ला. जवळ नाय आली, पन खाल्ला. तिचं नाव ठेवायचं हाय. समद्यांनी सुचवा.' मग मागे कुठे तरी ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्यावरून त्यांचा, जरा चढलेला. 'हिरामनभाऊ, तुमी नका सुचवू.'

सिग्नल सुटला. हिरामणने ते परत ऐकलं, फक्त शेवटचं, पुन्हा एकदा. मग खाली नावं येऊ लागली, आणि तो फोन हातात धरून ती वाचत बसला.